साठ वर्षे गाणारा गळा

वाचकहो, आज एक साधाच प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे. माणसाचा गळा हाडामांसाचा असतो. गुडघे थकतात, डोळे थकतात, तसा तोही थकतो. असे असूनही काही गाणारी माणसे विशीत गायला बसली आणि ऐंशीच्या पुढे गेली तरी गात राहिली. मधल्या काळात नाटक कंपन्या बुडाल्या, ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या आणि गेल्या, आकाशवाणी आली, बोलपट आले, कॅसेट आली, आता मोबाइल आला. ऐकणाऱ्यांच्या तीन पिढ्या बदलल्या, पण ती माणसे बैठकीवरून उठली नाहीत. हे त्यांना कशामुळे साधले?

हा प्रश्न गवय्यांचा आहे, वारकऱ्यांचा त्यात काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध दोन प्रकारे आहे. या थोर गायकांपैकी बहुतेकांच्या उतारवयात त्यांच्या ओठी अभंग होता. आणि दुसरे असे की, आपल्या प्रत्येकाच्या गावात असा एखादा वृद्ध बुवा असतोच, ज्याचे नाव कोणत्याही तबकडीवर नाही, पण जो पन्नास-साठ वर्षे काकड्याला हजर आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून बपेरा नावाचे गाव आहे. वैनगंगेचे खोरे, सिहोऱ्याचा परिसर, धानाच्या बांध्या. इथले वर्ष रोवणीने सुरू होते आणि धान घरात आल्यावर मोकळे होते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार आणि खडी गंमत रंगते, आणि सप्ताहाचे मांडव पडतात. पंढरपूर इथून फार लांब. आळंदी-देहूच्या भोवतालच्या माणसाला वारी जशी अंगणातून जाते, तशी ती या भागातून जात नाही. तरीही टाळ-मृदंग इथवर पोहोचले, ते गाणाऱ्या माणसांमुळेच. बपेऱ्यासारख्या गावात बसून महाराष्ट्राच्या मोठ्या गायकांच्या चरित्रांकडे पाहिले, तर आपल्या बुवांचीही किंमत कळते. म्हणून हा खटाटोप.

नाटक कंपनीचा काळ

आधी बालगंधर्वांचे पाहू. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या काळी महाराष्ट्रात गवयाचे पोट भरण्याचे मोठे साधन म्हणजे नाटक कंपनी. कंपनी म्हणजे एक फिरते गावच. नट, वादक, पडदे रंगवणारे, कपडेवाले, आचारी, सगळ्यांचा संसार एका गळ्यावर चाले. बालगंधर्वांनी तो संसार राजाच्या थाटात चालवला. अस्सल शालू, अस्सल अत्तर, पाहुण्यांच्या पंगती. कर्ज झाले, ते फेडले, पुन्हा झाले.

१९३१ मध्ये भारतात बोलपट आला आणि १९३२ मध्ये मराठीत ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर बोलू लागला. ज्या प्रेक्षकाला रात्रभर नाटकाला बसायचे, त्याला आता थोडक्या पैशांत दोन-तीन तासांत सगळे मिळू लागले. नाटक कंपन्या एकामागून एक मोडल्या. मास्टर दीनानाथांची बळवंत संगीत मंडळीही त्यातच गेली. १९४२ मध्ये दीनानाथ वारले आणि लहान वयाच्या लताबाईंना घर चालवण्यासाठी सिनेमात उभे राहावे लागले, हे आपण जाणतोच. बालगंधर्वांनीही पडद्याची वाट धरून पाहिली. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ या प्रभातच्या चित्रपटात त्यांनी एकनाथ महाराजांची भूमिका केली. पण समोर प्रेक्षक नाही, तुकड्यातुकड्यांत काम, मधेच थांबायचे, पुन्हा तेच करायचे, हे त्यांना मानवले नाही. ते रंगभूमीकडे परतले. तोवर रंगभूमीचे दिवस सरले होते.

यापुढचा त्यांचा काळ कष्टाचा आहे. पैसा गेला, शरीर गेले, शेवटी चालणेही बंद झाले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, पण तेव्हा घरात पूर्वीचे काही उरले नव्हते. १९६७ मध्ये त्यांनी देह ठेवला. या सगळ्या पडत्या काळात त्यांच्याजवळ राहिले ते भजन. १९३१ च्या ‘कान्होपात्रा’ नाटकात त्यांनी मंगळवेढ्याच्या त्या संत कन्येची भूमिका केली होती, आणि तेव्हापासून भक्तिपदे त्यांच्या गाण्यात जी आली, ती शेवटपर्यंत गेली नाहीत. शालू-अत्तराची हौस असलेला हा माणूस उतारवयात साध्या बैठकीत भजन गाई आणि ऐकणारे डोळे पुसत.

वाचकहो, इथे घाईने निष्कर्ष काढू नये. भजनाने बालगंधर्वांचे कर्ज फेडले नाही. भजनाने त्यांचे पाय बरे केले नाहीत. एवढेच झाले, की नायिकेचे रूप गेले, आवाजाची तरुण धार गेली, तरी त्यांना गाण्याला एक जागा उरली. नाट्यपद तरुण सुभद्रेच्या तोंडी शोभते. अभंगाला वयाची अट नाही. पंचाहत्तर वर्षांच्या थरथरत्या आवाजात म्हटलेली करुणा खोटी वाटत नाही, उलट तिचा अर्थ अधिक लागतो. संतांनी आपल्या भाषेत गाणाऱ्यासाठी ही सोय करून ठेवली आहे.

गुरूचा आवाज गेला तेव्हा

दुसरी गोष्ट एका गुरूची आहे. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांचा जन्म १८८६ चा. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे ते शिष्य. नाटकातही त्यांनी मोठे नाव मिळवले. १९४२ च्या सुमारास त्यांना पक्षाघात झाला आणि मैफलीचे गाणे थांबले. छप्पन्न-सत्तावन्न म्हणजे गवयाचे ऐन पिकण्याचे वय. तिथेच गाणे बंद पडले.

पण त्यांचे गाणे बंद पडले असे म्हणता येत नाही, कारण तोवर ते तीन-चार गळ्यांत उतरले होते. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेन जोशी. एक धारवाडकडची कन्नड भाषिक बाई, एक मुंबईचे पारशी गृहस्थ, एक गदगचा पळून आलेला मुलगा. १९५२ मध्ये सवाई गंधर्व गेले, आणि १९५३ पासून शिष्यांनी त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. हे तिन्ही शिष्य पुढे किती गायले पाहा. गंगूबाई १९१३ च्या. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज पुरुषी भासावा इतका खर्जात उतरला. दुसरी एखादी खचून गेली असती. त्यांनी त्याच आवाजाचे सोने केले आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्या मंचावर बसल्या. २००९ मध्ये त्या गेल्या. फिरोज दस्तूर लहानपणी बोलपटात काम करत. पुढे ते आयुष्यभर गुरूच्या उत्सवात दरवर्षी सेवेला येत राहिले. २००८ मध्ये ते गेले.

आपल्या संप्रदायात गुरुपरंपरेला जे महत्त्व आहे, ते आपण नेहमी अध्यात्माच्या अंगाने सांगतो. गाण्याच्या इतिहासात तेच व्यवहाराच्या अंगानेही दिसते. ज्याने शिष्य केले, त्याचे गाणे त्याच्या गळ्यापेक्षा जास्त जगले. आणि ज्या शिष्याला वर्षातून एकदा गुरूपुढे उभे राहायचे आहे, तो आळसावत नाही. आषाढी-कार्तिकीची वारी ज्याच्या पाठीशी आहे, त्याचे पाय उरलेले वर्षभर जसे तयार राहतात, तसेच हे.

भीमसेनांची संतवाणी

आता भीमसेन जोशींकडे येऊ. जन्म ४ फेब्रुवारी १९२२. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून हा मुलगा वेडावला आणि १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तिकिटाशिवाय गाड्यांतून भटकत ग्वाल्हेर, बंगाल, जालंधर असा हिंडला. जालंधरला विनायकराव पटवर्धनांनी त्याला सांगितले, की तुझा गुरू तुझ्या घराजवळच आहे, सवाई गंधर्वांकडे जा. भारतभर फिरून मुलगा परत कुंदगोळला आला. तिथे पाणी भरले, घरकाम केले, आणि वर्षानुवर्षे मोजक्याच रागांवर मेहनत केली.

१९४१ च्या सुमारास त्यांची पहिली मैफल झाली. २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात ते शेवटचे गायले. म्हणजे सहासष्ट वर्षे. २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झाले आणि २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले. गायकाच्या बाबतीत सहासष्ट वर्षे ही साधी गोष्ट नव्हे. त्यांच्या रियाझाच्या आणि प्रवासाच्या कथा पुष्कळ आहेत, त्या इथे सांगत नाही. आपल्याला पाहायचे आहे ते एकच. पन्नाशी गाठत असताना, शास्त्रीय गाण्यात कीर्ती शिखराला असताना, या माणसाने अभंग हाती घेतला.

आकाशवाणीच्या पुणे केंद्रात राम फाटक नावाचे संगीतकार होते. नामदेवरायांचा, तीर्थही विठ्ठल आणि क्षेत्रही विठ्ठलच असे सांगणारा अभंग त्यांनी चालीत बांधला आणि भीमसेनांकडून गाऊन घेतला. तो महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. १९७० च्या दशकात त्यातून ‘संतवाणी’चे कार्यक्रम उभे राहिले. श्रीनिवास खळे यांच्यासारख्या संगीतकारांच्या चाली त्यात आल्या. ज्यांना राग कळत नव्हते असे गिरणी कामगार, शेतकरी, शिक्षक, म्हाताऱ्या बाया या कार्यक्रमांना येऊ लागल्या. ज्याला ख्याल ऐकायची सवय नव्हती, त्याने अभंगाच्या बोटाला धरून तोडी आणि भैरवी ऐकली.

दोन गोष्टी इथे लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे भाषा. भीमसेनांची मायबोली कन्नड. ते मराठीत संतवाणी गात, तसे कन्नडमध्ये पुरंदरदासादी हरिदासांची दासवाणी गात. दोन्हीकडे विठ्ठल एकच. आपण त्या सावळ्याला कानडा म्हणतोच. बपेऱ्यासारख्या सीमेवरच्या गावांना हे वेगळे सांगायला नको. इथे घरात पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी चालते, आणि भजनात तिन्ही भाषांचे माणूस एका टाळावर येते.

दुसरी गोष्ट साथीची. संतवाणीत भीमसेनांच्या मागे टाळ वाजवायला माउली टाकळकर असत. तबला-पेटीचे मोठमोठे वादक त्या मंचावर असत, आणि त्यांच्या बरोबरीने हा टाळकरी. दिंडीतला टाळ मैफलीत गेला तेव्हा त्याने आपली शिस्त सोडली नाही. गायक तानेत कितीही दूर गेला तरी परत यायची जागा टाळाने धरून ठेवली. टाकळकरांच्या हातचा टाळ उतारवयातही सुटला नाही. पेटीवाले आप्पा जळगावकर असेच. १९२६ चा जन्म, २००९ मध्ये गेले, आणि मधल्या काळात गवयांच्या कितीतरी पिढ्यांना त्यांनी सूर पुरवला. मुख्य गायकाचे नाव फलकावर मोठ्या अक्षरात असते. पण साठ वर्षे गाणाऱ्या प्रत्येक गळ्यामागे साठ वर्षे बसणारे असे हात असतात. एकट्याने हे होत नाही. आपल्याकडे तर एकट्याने भजन करण्याची रीतच नाही. बुवा म्हणतो, टाळकरी उचलतात. बुवाचा श्वास संपतो तिथे दहा जणांचा सुरू होतो. म्हाताऱ्या बुवाला साठ वर्षे गाता येते, त्यात या उचलण्याचा वाटा फार मोठा आहे.

अभंग आणि पैसा

इथे एक अवघड प्रश्न येतो, तो टाळता येत नाही. जिथे कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये, द्रव्याची तर गोष्टच नको, असा दंडक तुकोबारायांनी घालून दिला. मग तिकीट लावून अभंग गाणे हे कोणत्या खात्यात टाकायचे? तबकड्या, कॅसेट, मानधन, हा सगळा विठ्ठलाचा बाजार नाही का? जुन्या फडांतून हा आक्षेप ऐकू येतो, आणि तो फुकाचा नाही.

त्यावर माझे म्हणणे असे. कीर्तन ही उपासना आहे आणि मैफल हा व्यवसाय आहे. दोन्हींत एकच अभंग असला तरी दोन्ही जागा वेगळ्या आहेत. गवई स्वतःला कीर्तनकार म्हणवून व्यासपीठावर उभा राहत नाही. तो कलावंत म्हणून बसतो आणि कलावंताला पोट आहे. बालगंधर्वांच्या शेवटच्या वर्षांकडे पाहून, त्यांनी पैसे घेऊ नयेत असे कोणाला म्हणवेल? डॉ. वसंतराव देशपांडे तर आपल्या विदर्भातले, मूर्तिजापूरचे, नागपुरात शिकलेले. एवढा चतुरस्र गवई, पण अनेक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत होता, कारण गाण्यावर घर चालेल याची खात्री नव्हती. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. आयुष्याची ऐन वर्षे फायलींत गेली आणि १९८३ मध्ये ते गेले. ज्या समाजाने गवयाला पैसे दिले नाहीत, त्या समाजाने त्याच्या गाण्याची वर्षे कमी केली, असाही याचा अर्थ होतो.

पण आक्षेपातली खरी गोष्टही सोडू नये. पैसा आला की गायक ऐकणाऱ्याच्या टाळ्यांकडे पाहतो, आणि अभंग मागे पडून ताना पुढे येतात. हे मैफलीत होते तसे अलीकडे कीर्तनाच्या मांडवातही होते. ज्यांची गाणी टिकली, त्यांची उदाहरणे तपासली तर असे दिसते, की त्यांनी शब्द गिळला नाही. भीमसेनांच्या गाण्यात ताकद होती, पण अभंगाचे चरण कळत. लताबाईंनी खळ्यांच्या चालीवर तुकोबांचे अभंग आणि हृदयनाथांच्या चालीवर ज्ञानोबांच्या रचना गायल्या, त्यांत ताना जवळजवळ नाहीत, एकेक अक्षर स्वच्छ आहे. शब्दाला धक्का न लावणे, एवढी एक कसोटी मैफल आणि कीर्तन दोन्हीकडे लावता येते.

आवाज जातो तेव्हा

मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर या मायलेकींची आठवण इथे काढली पाहिजे. मोगूबाई १९०४ च्या, गोव्यातल्या कुर्डी गावच्या. लहानपणी आई गेली, नाटक मंडळ्यांत दिवस काढले, पुढे अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली. बाईमाणसाने मैफल करायची त्या काळात, म्हणजे मानापमान गिळणे आलेच. आईला मिळणारी दुय्यम वागणूक किशोरीताईंनी लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती, आणि पुढे स्वतःच्या बाबतीत त्यांनी ती कोणाला करू दिली नाही. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणत, त्यामागे हे होते.

तारुण्यात किशोरीताईंचा आवाजच गेला. सुमारे दोन वर्षे गाणे बंद. गायकाच्या आयुष्यात याहून मोठा आघात नाही. त्या काळात त्यांनी मनात गाणे केले, विचार केला, आणि आवाज परत आल्यावर त्यांची गायकी वेगळीच झाली. पुढे त्यांनी संतांचे अभंगही गायले आणि ते महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. ३ एप्रिल २०१७ रोजी त्या गेल्या. त्याच्या थोडे दिवस आधी दिल्लीत त्यांचे गाणे झाले होते. मोगूबाई तर शहाण्णव वर्षे जगल्या. स्वतःचे मैफलीचे दिवस सरल्यावर त्या शिकवत राहिल्या.

लोकगायकांतही हेच दिसते. शाहीर विठ्ठल उमप यांचा जन्म १९३१ चा. भारूड, पोवाडा, कोळीगीत, भीमगीत, जांभूळ आख्यान, असे त्यांच्या गळ्यात काय नव्हते. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच त्यांनी प्राण सोडला. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली विठ्ठलगीते आजही पंढरपूरच्या प्रत्येक दुकानातून ऐकू येतात, गायक जाऊन वीस वर्षे झाली तरी.

या सगळ्यांत समान काय? कोणाचा आवाज गेला, कोणाचे पैसे गेले, कोणाची कंपनी बुडाली. त्यांना कोणी वाचवले नाही. त्यांनी गाण्याचे रूप बदलले, पण गाणे ठेवले. वरच्या पट्टीत जमेना तेव्हा खाली उतरले. मैफल जमेना तेव्हा शिकवले. आणि बहुतेकांनी अखेरीस असे काही धरले, ज्याला आवाजापेक्षा भाव जास्त लागतो.

आपल्या गावचा बुवा

आता परत बपेऱ्याकडे, भंडाऱ्याकडे, विदर्भाकडे येऊ. या भागात गाण्याची गोष्ट राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांशिवाय पुरी होत नाही. १९०९ मध्ये यावलीला जन्म, १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम, १९६८ मध्ये महानिर्वाण. हातात खंजिरी घेऊन ते मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांतली भजने गावोगाव गायले. त्यांनी गावात भजन मंडळे उभी केली, आणि त्या मंडळांत गाणारा प्रत्येक जण दिवसा नांगर धरणारा होता. विदर्भातल्या खेड्यात वारकरी हरिपाठ आणि गुरुदेवांची सामुदायिक प्रार्थना एकाच पारावर चालते, आणि पेटी वाजवणारा हात बहुधा एकच असतो.

या माणसाची गायकी कोणत्या उद्योगात बसत नाही. तो रोवणीच्या दिवसांत चिखलात असतो, मळणीच्या दिवसांत खळ्यावर असतो, आणि एकादशीला मंदिरात असतो. पण गाण्याची साठ वर्षे तीच साठ वर्षे. शिवाय आपल्या संप्रदायाने त्याला एक गोष्ट दिली, जी मैफलीच्या जगाने दिली नाही. आपल्याकडे म्हाताऱ्याला निवृत्त करत नाहीत. आवाज उतरला की त्याच्या गळ्यात वीणा येते. सप्ताहात वीणा अखंड असते, ती खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. विणेकऱ्याला ताना घ्यायच्या नसतात. त्याने उभे राहायचे, सूर धरायचा, नाम घ्यायचे. फडात विणेकऱ्याच्या पाया पडतात. ज्याचा गळा गेला, त्याला सर्वांत मानाची जागा देणारी ही व्यवस्था जगात फार ठिकाणी सापडणार नाही.

ही व्यवस्था आज जशीच्या तशी राहिली आहे का, याचा विचार वाचकांनी आपापल्या गावापुरता करावा. मांडवात ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या राहतात. तरुण गायक मोबाइलवरचे तयार संगीत लावतो. म्हाताऱ्या बुवाला सांगतात, बाबा, तुम्ही बसा. तो बसतो आणि त्याच्याबरोबर पंचवीस-तीस चाली बसतात. त्या चाली कुठे लिहिलेल्या नाहीत. वारकरी भजनाचे शिक्षण एके काळी केवळ सहवासातून होई. म्हणूनच विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि तिथे शिकलेली मुले महाराष्ट्रभर कीर्तनकार आणि मृदंगमणी होऊन गेली. पण आळंदीला न गेलेल्या बुवाच्या चाली त्याच्या गावातल्या पोरांनीच शिकायच्या असतात.

व्यवहाराचेही थोडे बोलू. राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देणारी योजना १९५४-५५ पासून चालू आहे. २०२४ पासून ते मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले. वयाची पन्नाशी ओलांडलेला आणि किमान पंधरा वर्षे कलेची सेवा केलेला कलावंत त्याला अर्ज करू शकतो, आणि भजनी, कीर्तनकार, दंडारीचे कलावंत हेही त्यात बसतात. अडचण येते ती पुराव्यांची. अर्जासोबत केलेल्या कामाचे दाखले लागतात. ज्याने चाळीस वर्षे देवळात पेटी वाजवली, त्याच्याकडे कागद कुठला असणार? त्याने कधी पावती मागितली नाही, फोटो काढला नाही. मुंबई-पुण्याच्या कलावंताकडे छापील निमंत्रणपत्रिकांची थप्पी असते. आपल्या बुवाकडे मांडीवर पडलेला पेटीचा घट्टा असतो.

तेव्हा वाचकहो, हे काम आपले आहे. सप्ताहाची पत्रिका छापाल तेव्हा कीर्तनकारांच्या नावांखाली पेटी, मृदंग, टाळ आणि वीणा धरणाऱ्यांचीही पूर्ण नावे घाला. ती पत्रिका त्यांना पुढे कागद म्हणून कामी येईल. मंडळाने वर्षाकाठी प्रत्येक वृद्ध साथीदाराला तारीख घालून एक सेवापत्र द्यावे. गावातल्या शिकलेल्या मुलाने पंचायत समितीत चौकशी करून अर्ज भरून द्यावा. आणि ज्या मोबाइलने बुवाला खाली बसवले, तोच मोबाइल बुवापुढे ठेवून त्याच्या चाली भरून घ्याव्यात. प्रत्येक चालीला अभंग कोणाचा, ती कोणाकडून शिकली, एवढे दोन शब्द त्यालाच सांगायला लावावे. पुढच्या पिढीतला इतिहास लिहिणारा त्यासाठी दुवा देईल.

कीर्तनात देवाकडे पैसे मागू नयेत हे खरे. पण वृद्ध भजन्याच्या घरी औषध आहे की नाही, चूल पेटते की नाही, हे पाहणे म्हणजे पैसे मागणे नव्हे. बालगंधर्वांच्या शेवटच्या दिवसांबद्दल आजही मराठी माणूस हळहळतो. ती हळहळ आता त्यांच्या काही उपयोगाची नाही. आपल्या वेशीच्या आत जो बुवा बसला आहे, त्याला ती उपयोगाची आहे. येत्या एकादशीला पहिला अभंग त्याला म्हणू द्या. स्वर थोडा कापेल, चरण मधेच सुटेल. तेव्हा आपण टाळ धरून तो उचलायचा.

राम कृष्ण हरी.